सही राहिलेली नोटीस

मृत्यूच्या दारात जाऊन आलेल्या माणसाला सत्य दिसतं, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीत मानतात. मी त्या दारापर्यंत गेलो होतो. मला तिथे भिंतीवरचं घड्याळ दिसलं, आणि ते सात मिनिटं मागे होतं.

ते घड्याळ रत्नागिरीतल्या एका खासगी रुग्णालयातलं. श्रावणातला बुधवार होता. कोल्हापूरहून आठवड्यातून दोनदा येणाऱ्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडायला हवा होता, तो उडाला नाही. त्यांनी दुसऱ्या गुडघ्याखाली मारली, मग घोट्यामागे, मग कोपरावर. एकाही सांध्याने दखल घेतली नाही.

"पंधरा दिवसांत कधी पोट बिघडलं होतं?" त्यांनी विचारलं.

बिघडलं होतं. एका स्वागत समारंभाच्या जेवणानंतर.

"जीबीएस वाटतंय. गियां-बारे सिंड्रोम. शरीराची संरक्षण यंत्रणा पोटातल्या जंतूंशी लढायला निघते आणि जंतू संपले तरी थांबत नाही. मग स्वतःच्याच नसांवर चालून जाते."

नसेवर विजेच्या तारेवर असतं तसं आवरण असतं. ते या आजारात झिजतं, आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही. सुरुवात तळव्यांपासून होते आणि आजार वर चढत जातो. बहुतेक लोक बरे होतात, पण सावकाश. मधल्या काळात छातीचे स्नायू किती साथ देतात, एवढाच प्रश्न असतो. हे सगळं बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं. मी चौतीस वर्षं महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. इतकं नेमकं बोलणारे प्राध्यापक मला फार भेटले नाहीत.

हे लिहितोय ते ज्यांना पुढे हा आजार होईल त्यांच्यासाठी. आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या अशा लोकांसाठी, ज्यांच्या शेजारी दोन पुरुष जोडपं म्हणून राहतात आणि ज्यांना त्याचं काय करावं ते कळत नाही. हे दोन विषय मी वेगळे लिहून पाहिले. जमलं नाही.

पहिलं लक्षण शुक्रवारी आलं. तळव्यांना मुंग्या. मांडवीच्या समुद्रकिनारी वाळूत उभं राहिल्यावर पायाखालून पाणी सरकतं, तसं घरातल्या फरशीवर वाटू लागलं. पायात चपला आहेत की नाहीत ते खाली बघून ठरवावं लागलं. रविवारी उपासनेत शेवटच्या गीताला सगळे उभे राहिले आणि मला बाकावरून उठता आलं नाही. मी डोळे मिटून बसून राहिलो. मी प्रार्थनेत फार खोल गेलो आहे असा लोकांचा समज झाला, आणि नंतर दोघांनी त्याबद्दल माझं कौतुक केलं. मी तो समज दुरुस्त केला नाही.

सोमवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बी-बारा जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. मंडळीतले ज्येष्ठ पंच भास्करराव यांनी नारळाच्या तेलात लसूण कढवायला सांगितला. तुमच्या दोन्ही तळव्यांना एकदम मुंग्या आल्या आणि त्या दिवसागणिक वर चढू लागल्या, तर यातलं काहीही करू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा. लसूण वाया जातो आणि दिवसही.

मंगळवारी सकाळी मी न्हाणीघरात पडलो. लागलं नाही, पण उठता येईना. माझी बायको सुलभा हिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तिने माझ्या काखेत हात घालून एकदा ओढून पाहिलं.

"अहो, तुम्ही पोत्यासारखे झालायत," ती म्हणाली. "मी शेजारी सांगत्ये."

"शेजारी नको," मी म्हटलं.

"मग इथेच आंघोळ करत राहणार का?"

ती शेजारी गेली.

आम्ही राहतो ते मंडळीचं आवार. जुन्या मिशनच्या काळातल्या पाच क्वार्टर्स आहेत, जांभ्या दगडाच्या. आमची तीन नंबर. चार नंबरमध्ये दोन वर्षांपासून रूबेन आणि अभिजित हे भाडेकरू होते. रूबेन गणपतीपुळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकी. वय चाळीसच्या आत, कोल्हापूरकडच्या ख्रिस्ती घरातला, बाप्तिस्मा झालेला आणि दृढीकरणही, म्हणजे मंडळीचा पूर्ण सभासद. अभिजित लांज्याजवळच्या गावचा, बौद्ध कुटुंबातला, पोस्टात कारकून. जागा घेताना त्यांनी मित्र असं सांगितलं होतं. पुढे त्यांच्या सहजीवनाला पाच वर्षं झाली म्हणून त्यांनी केक कापला आणि त्याचा फोटो इंटरनेटवर टाकला. तो भास्कररावांच्या सुनेने पाहिला. आठवड्याच्या आत पंचमंडळाची सभा भरली.

मी पंचमंडळाचा चिटणीस. जागा रिकामी करण्याची नोटीस द्यावी असं ठरलं आणि मसुदा मी लिहिला. त्यात 'पवित्र आवाराच्या पावित्र्यास बाधा' असे शब्द होते. दुसऱ्या कुणी लिहिले असते तर मी हसलो असतो. अकरा महिन्यांचा करार सप्टेंबरअखेर संपत होता. महिनाभर आधी नोटीस न दिल्यास तो आपोआप पुढे अकरा महिने चालू राहतो, हे कलमही माझंच. मिळकतीच्या कोणत्याही पत्रावर चिटणिसाची सही हवी, हा नियमसुद्धा माझा. पूर्वी एकदा आवारातली विहीर कुणाच्या सांगण्यावरून बुजवली गेली ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं, तेव्हापासूनचा. टाइप केलेली नोटीस माझ्या फाइलमध्ये होती. रविवारी उपासनेनंतर सही करून ती शेजारी द्यायची, असा माझा बेत होता. त्या रविवारी मी बाकावरून उठू शकलो नाही, हे वर आलंच आहे.

तर मंगळवारी ते दोघे न्हाणीघराच्या दारात उभे होते आणि मी ओल्या पंच्यावर फरशीला टेकून बसलो होतो. रूबेनने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"सर, मानेभोवती हात टाका."

"हात वर जात नाही."

"मग मी टाकतो. काकू, लुंगी द्या आधी. सर पंच आहेत, असे बाहेर नको न्यायला."

प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी मला गाडीपर्यंत नेलं. वाटेत भास्कररावांच्या क्वार्टरचं दार उघडं होतं. पूर्वी आमची घरं इतकी जवळ आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रुग्णालयात पहिले दोन दिवस तपासण्यांत गेले. लंबर पंक्चर म्हणजे पाठीच्या मणक्यांतून सुईने पाणी काढणं. वर्णन ऐकताना जितकं वाईट वाटतं तितकं नसतं. पण हलायचं नाही असं सांगतात, आणि त्या बाबतीत मी आदर्श रुग्ण होतो. नर्व्ह कंडक्शन स्टडी म्हणजे नसांना बारीक विजेचे झटके देऊन निरोप किती वेगाने जातो ते मोजणं. माझे निरोप सरकारी कचेरीच्या वेगाने जात होते. तंत्रज्ञाने तसं म्हटलं नाही, पण त्याने दोनदा यंत्र तपासलं.

निदान पक्कं झाल्यावर आयव्हीआयजी सुरू केलं. म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, माणसांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिद्रव्यं. पाच दिवस, थेंब थेंब शिरेतून.

"हे किती माणसांचं असतं?" मी विचारलं.

"हजारोंचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांचं एकत्र करतात."

"कोणाचं काय, ते कळतं?"

"कळत नाही. कळायची गरज नसते."

मी त्या बाटलीकडे बराच वेळ बघत होतो. दुसरं बघण्यासारखं घड्याळच होतं.

तिसऱ्या दिवशी हात गेले. चहाचा कप, चष्मा, नाक खाजवणं, सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर आलं. मग छातीचा प्रश्न आला. ही तपासणी अगदी साधी आहे. पूर्ण श्वास घ्यायचा आणि एका श्वासात जितके आकडे म्हणता येतील तितके म्हणायचे. "दहाच्या खाली आलात तर घशातून नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल," बाईंनी सांगितलं. व्हेंटिलेटर म्हणजे श्वास घेण्याचं काम करणारं यंत्र. दर दोन तासांनी मोजायचं होतं.

आकडे म्हणताना माझं चित्त भरकटायचं. काही वेळा मी सोळानंतर अठरा म्हणायचो आणि नर्सला खोटा उत्साह यायचा. सकाळची पाळी रूबेनची असायची, कारण रिसॉर्टचं काम त्याला दुपारनंतर असे. तो म्हणाला, "सर, आकडे सोडा. पुस्तकांची नावं म्हणा."

पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, पुस्तकांची नावं क्रमाने म्हणणं हे रविवारच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. झोपेत विचारलं तरी चुकत नाही. आम्हा दोघांनाही येत होतं, फक्त वर्षं वेगळी. मग मी नावं म्हणायचो, तो बोटांवर मोजायचा आणि नर्सला आकडा सांगायचा. पहिल्यांदा बावीस झाले. म्हणजे संदेष्ट्यांच्या पुस्तकांच्या उंबरठ्यापर्यंत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा. दुपारी अकरा.

"अकरा म्हणजे कुठपर्यंत?" नर्सने विचारलं.

"राजे लागले," रूबेन म्हणाला. अकरावं पुस्तक राजांचं.

दोन दिवस मी राजांपाशी अडकून होतो. अकरा, अकरा, एकदा दहा, परत अकरा. नळीचा ट्रे शेजारच्या टेबलावर हिरव्या कापडाखाली झाकून ठेवला होता. मला भीती वाटत होती का? वाटत होती. पण भीती वाटायलाही श्वास लागतो, म्हणून ती बेतानेच वाटत होती. पाचव्या बाटलीच्या दिवशी सकाळी तेरा आले. रूबेनने नर्सला आकडा सांगितला आणि तोंड धुवायला बाहेर गेला. तो बराच वेळ आला नाही.

वॉर्डातल्या मावशी पावस गावच्या होत्या. त्या फरशी पुसता पुसता मला म्हणाल्या, "तुमचा पोरगा बाहेर बाकड्यावर बसलाय. सकाळपासून काही खाल्लंन नाही त्याने."

"माझा पोरगा नाही. शेजारी आहे."

"असं," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे शेजारी कुंपणाची काठी सरकवतात."

या काळात मंडळी मला विसरली नव्हती. आजाऱ्यांची भेट ही आमच्याकडची जुनी रीत. रविवारी उपासना झाली की दहाबारा जण येत, अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभे राहून हळू आवाजात गीत म्हणत. प्रार्थना मात्र हळू आवाजात नसे. मी थट्टा करत नाही. त्या प्रार्थनांचा उपयोग झाला नाही असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. एवढंच नोंदवतो, की साध्या खोलीत हलवल्यावर मला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागे, नाहीतर अंगाला जखमा होतात, आणि मंडळीच्या मदतीच्या यादीत चौदा नावं होती. ती यादी सुंदर अक्षरात लिहून सूचनाफलकावर लावली होती. यादी लागल्यामुळे प्रत्येकाला वाटलं की उरलेले तेरा जात असतील. ही चूक आमच्या मंडळीत नेहमी होते, कारण आम्ही याद्या फार चांगल्या करतो. सुलभा रात्री असायची, रूबेन सकाळी, आणि अभिजित पोस्ट सुटल्यावर.

नवव्या दिवशी भास्करराव एकटे आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल आणि रुमालात बांधलेलं काहीतरी.

"सलाम, चिटणीससाहेब," ते म्हणाले. "आपल्या मुद्रेवर तेज दिसतं."

तेव्हा मला ताप होता.

रूबेनने मला नुकतंच कुशीवर वळवलं होतं. भास्करराव त्याच्याकडे न बघता म्हणाले, "जरा मंडळीचं खासगी काम होतं."

"बोला ना," रूबेन म्हणाला. "फक्त सरांना दहा मिनिटांनी उताणं करायचंय. तुम्हाला येतं का?"

भास्कररावांना येत नव्हतं. रूबेन दहा मिनिटांत परत येतो म्हणून बाहेर गेला.

फाइलमध्ये नोटिशीची नवी प्रत होती. रुमालात शाईचं पॅड होतं. "आपल्या दुखण्याने प्रभूचं कार्य अडावं, हे आपल्यालाच रुचणार नाही," भास्करराव म्हणाले. "महिनाअखेर जवळ आली. सही शक्य नाही, हे आम्ही समजतो. अंगठा चालेल असं सर्वांचं मत पडलं." त्यांनी माझा उजवा हात उचलला, अंगठा पॅडवर दाबला आणि कागदाकडे नेला. माझ्या हाताला त्यातलं काही जाणवत नव्हतं. तो कुणाही माणसाचा असू शकला असता.

"अंगठा नको," मी म्हटलं.

"का बरं?"

"नियम सहीचा आहे."

"पण नियम आपलाच आहे."

"म्हणूनच म्हणतो."

"मग सही कधी?"

"डॉक्टर म्हणतात, तीन ते सहा महिने."

"तोवर मुदत जाईल."

"जाईल."

यात फार मोठं धैर्य नव्हतं. मी नियमामागे लपलो. बरा असतो तर रविवारीच सही करून मोकळा झालो असतो, हे मला माहीत होतं. भास्कररावांनी माझा हात चादरीवर ठेवला, आणि आठवण झाल्यासारखी एक प्रार्थना केली. ती नेहमीपेक्षा लहान होती.

रूबेन आला. त्याने मला उताणं केलं, उशी नीट केली. मग जांभळा अंगठा त्याला दिसला. त्याने कापसावर स्पिरिट घेतलं आणि पुसायला लागला.

"तो कागद तुमच्याबद्दल होता," मी म्हटलं.

"माहीत आहे. क्वार्टर चार, तीस दिवसांची मुदत."

"कसं?"

"तुमच्या फाइलमध्ये आधार कार्डाबरोबरच ती नोटीस होती, सर. तुम्हाला दाखल करताना काकूंनी फाइल अभिजितच्या हातात दिली. त्याने वाचलं."

आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं जागच्या जागी ठेवणाऱ्या माणसाने घरचे आणि मंडळीचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवले होते.

"काय म्हणाला तो?"

"पोस्टातला माणूस आहे. पत्ता बरोबर आहे म्हणाला."

रूबेनने नखाच्या कडेला राहिलेली शाई काढली.

"मग थांबलात कशाला?" मी विचारलं.

"तुम्ही स्ट्रेचरवर होता. स्ट्रेचरवरच्या माणसाशी काय भांडायचं? म्हटलं, बरे होऊ देत, मग भांडू. आणि काकूंना सांगू नका आम्हाला माहीत आहे ते. लाजेने पोहे पाठवायच्या बंद होतील."

"रूबेन, मी जे मानतो ते बदललेलं नाही."

"मी कुठे विचारलं? तुम्ही मानता ते मला पाठ आहे, सर. रविवारच्या शाळेत बक्षीस मिळालंय मला." त्याने बोळा टोपलीत टाकला. "मला वेगळंच कळत नाही. दोन वर्षं भिंतीला भिंत लागून होती. हे तोंडावर सांगायला काय झालं होतं? एकदा चहाला बोलवायचं, समोर बसवायचं, सांगायचं. आम्ही ऐकून घेतलं असतं. कदाचित चिडलोही असतो. पण कागद?"

मी त्या दोघांना दोन वर्षांत एकदाही चहाला बोलावलं नव्हतं. सत्य सांगायचं धैर्य असलेला माणूस असं मी स्वतःला मानत आलो. पण ज्याला सांगायचं त्याला सोडून बाकी सगळ्यांना मी ते सांगितलं होतं.

येशूने सांगितलेली, रस्त्यात लुटून, मारहाण करून टाकलेल्या प्रवाशाची आणि त्याच्यासाठी थांबलेल्या परक्याची गोष्ट मी रविवारच्या शाळेत बावीस वर्षं शिकवली. दरवेळी मुलांना विचारायचो, तुम्ही असता तर थांबला असता ना? मुलं हो म्हणायची. रस्त्यात पडलेला मीच असेन, ही शक्यता त्या बावीस वर्षांत एकदाही वर्गात आली नाही.

बाराव्या दिवशी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आले. तरुण आहेत, फार बोलत नाहीत. त्यांनी टेबलावर पांढरं कापड पसरलं, भाकर आणि द्राक्षरसाचा पेला ठेवला. रूबेन खोलीत होता. कुणी काही म्हणायच्या आत तो उठला आणि दार ओढून घेऊन बाहेर जाऊन उभा राहिला. पाळकसाहेबांनी दाराकडे पाहिलं. मग माझी मान आपल्या हातावर घेऊन पेला माझ्या ओठांना लावला.

"हा किती वर्षं प्रभुभोजन घेत नाही?" त्यांनी नंतर विचारलं.

"आठ म्हणाला."

"कुणी थांबवलं होतं?"

"नाही. स्वतःच बाहेर जातो."

पाळकसाहेब कापडाची घडी करत म्हणाले, "म्हणजे आपल्या अर्ध्या पंचांपेक्षा तो हे जास्त गंभीरपणे घेतो." मग त्यांना आपण कुणाशी बोलतोय ते आठवलं असावं. त्यांनी घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

अठराव्या दिवशी घरी आलो. त्यानंतरचा भाग कंटाळवाणा आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. फिजिओथेरपी रोज दोनदा. पहिल्या महिन्यात पायाचा अंगठा हलला. दुसऱ्यात पलंगाच्या काठावर बसता येऊ लागलं. जेवणाचा चमचा तोंडापर्यंत जायला नऊ आठवडे लागले, आणि पहिल्याच घासाला आमटी शर्टवर सांडली. घाई करू नका. थकवा आला की थांबा, कारण या आजारात जास्त व्यायामाने उलटं होतं. घरात उचलायला दोन माणसं लागतात. तुमची मुलं परदेशात असतील तर शेजाऱ्यांची नावं आजच विचारून ठेवा.

शेजाऱ्यांबद्दल मला जे कळलं ते थोडं आहे. विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांचा, हे मी शास्त्रातून शिकलो आणि अजून मानतो. आजाराने माझे हातपाय गेले होते, मत नाही. हे वाचून काहींची निराशा होईल, त्याला इलाज नाही. पण त्या शिकवणीतून घर खाली करण्याची नोटीस कशी निघते, हे मी पडल्या पडल्या बरंच शोधलं. ते सापडलं नाही. आमच्याच आवारात दोन नंबरमध्ये एक पंच राहतात, जे सख्ख्या भावाशी आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून चौदा वर्षं बोललेले नाहीत. त्याबद्दल शास्त्र निदान तितकंच स्पष्ट आहे. त्यांना नोटीस द्यायचं कधी कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. शिकवण सगळ्यांना आणि नोटीस फक्त चार नंबरला, तर ती नोटीस शिकवणीतून आलेली नसते. ती केकच्या फोटोतून आलेली असते.

तुम्हाला विचारलं गेलं तर जे मानता ते सांगा. एकदा, समोर बसून, स्वतःच्या घरात, चहा देऊन. न विचारता दररोज सांगू नका. त्यांनाही ते पाठ असतं. आणि ते आजारी पडले तर कूस बदलायला जा. यादी करू नका.

नोटिशीची मुदत गेली आणि करार कलमाप्रमाणे पुढे चालू झाला. पण भास्कररावांनी विषय सोडला नव्हता. अपवाद म्हणून मुदतीनंतर नोटीस द्यावी, असा ठराव त्यांनी डिसेंबरच्या सभेसाठी मांडला. संख्येने तो मंजूर होईल असं दिसत होतं. चार नंबरमधल्या दोघांनी माळ्यावरची खोकी खाली काढून ठेवली, ती आमच्या खिडकीतून दिसत.

मी वॉकर घेऊन चालायला लागलो होतो. सभेच्या आदल्या रविवारी त्या दोघांना चहाला बोलावलं, आणि माझा पर्यायी ठराव त्यांच्यासमोर ठेवला. दोनच वाक्यं होती. विवाहाबद्दलची मंडळीची शिकवण आहे तशीच आहे. क्वार्टर चारचा करार नेहमीच्या अटींवर चालू राहील.

रूबेनने कागद दोनदा वाचला. "पहिलं वाक्य हवंच का?"

"हवं. ते मी मानतो."

"आणि दुसरं?"

"तेही मानतो."

"पहिलं वाचून मला बरं वाटेल अशी अपेक्षा नाही ना तुमची?"

"नाही."

"मग ठीक," तो म्हणाला. ठीक या शब्दात जितकं मावतं तितकंच त्यात होतं.

अभिजित म्हणाला, "एकाच पाकिटावर दोन पत्ते घातलेत, सर. आमच्याकडे असं पाकीट परत जातं."

"जाऊ दे परत गेलं तर," सुलभा म्हणाली. "तू चहा घे. आणि ती खोकी माळ्यावर ठेव, उंदीर लागतील."

सभेला मी वेळेआधी गेलो, कारण चार पायऱ्या चढायला मला वेळ लागतो. खिशात टिपण होतं. शास्त्र, परंपरा, शेजारधर्म अशी सगळी मांडणी केली होती. साधारण वीस मिनिटांचं भाषण झालं असतं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि विषय वाचला. भास्करराव उभे राहून म्हणाले की आवाराचं पावित्र्य हा प्राणाहून मोठा प्रश्न आहे. मी टिपण काढलं, पण बोटांना घडी उलगडेना. म्हणून कागदाशिवायच म्हणालो, "मला अठरा दिवस कुणी कुणी वळवलं, त्यांनी हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. मदतीच्या यादीतले चौदापैकी दहा जण समोर बसले होते.

मग मी माझी दोन वाक्यं वाचली. पाळकसाहेबांनी मत विचारलं. सात बाजूने, तीन विरुद्ध, एक तटस्थ. दोन नंबरमधल्या पंचांनी बाजूने मत दिलं. त्यांना कुणी काही सांगितलं होतं का, मला माहीत नाही. इतिवृत्तात मी स्वतः नोंद केली. अक्षर अजून पहिलीतल्या मुलासारखं येतं.

त्या वाळूत उभं असल्यासारख्या पायांनी मी तिथे बसलो होतो आणि मला कृतज्ञता वाटत होती. कुणाबद्दल, ते नीट सांगता आलं नसतं. देवाबद्दल होतीच. ज्यांचं रक्त त्या बाटलीत होतं त्या हजारो अनोळखी लोकांबद्दल होती. एखादी मोठी गोष्ट घडून गेल्यासारखी शांतता सभागृहात आहे असं मला वाटलं, आणि मी घड्याळ पाहिलं.

या विषयाला नऊ मिनिटं लागली होती. पुढचा विषय नाताळच्या प्रीतिभोजनाला मटण की चिकन, हा होता. त्याला सव्वा तास लागला आणि निर्णय झाला नाही.